जपमाळ दाराबाहेर काढून ठेवावी लागू नये

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या एलजीबीटी सपोर्ट ग्रुपमध्ये पंधरा-सोळा जण नियमित येतात. मागच्या बैठकीत एक ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी ठरवला गेलेला, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा) म्हणाला, "आज मी अर्धा तास लवकर निघेन, माझी प्रार्थनेची वेळ आहे." त्यावर एक गे सदस्य बोलून गेला, "जे आपल्याला पापी म्हणतात त्यांच्याच दारात नाक घासायला चाललास?" चार-पाच जण हसले. तो ट्रान्स पुरुष काही न बोलता उठून गेला, तो पुन्हा आलेला नाही. ज्याने टोमणा मारला त्याला घरच्यांनी विशीत असताना 'बरं' करण्यासाठी एका धार्मिक ठिकाणी नेऊन ठेवलं होतं. आता ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, धर्माचा विषयच बंद करा. दुसरा म्हणतो, प्रत्येक बैठक सर्वधर्म प्रार्थनेने सुरू करा. यातलं काय करावं, आणि गेलेल्या माणसाला परत कसं बोलवावं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका. पहिला उपाय मी स्वतः करून पाहिलाय आणि त्यातून झालेलं नुकसानही पाहिलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी समुपदेशक आहे आणि अठरा वर्षं अशा गटांच्या बैठका घेते आहे. सुरुवातीच्या काळात असाच एक वाद झाला आणि मी नियम करून टाकला : इथे धर्म नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या गटात एक ट्रान्स बाई यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). त्यांच्या मनगटाला तीन वेढे घातलेली जपमाळ असे. कोणत्या धर्माची ते सांगत नाही, जपमाळ बऱ्याच धर्मांत असते. नियम झाल्यापासून त्या दाराबाहेर थांबायच्या, एकेक वेढा सोडवायच्या, माळ चष्म्याच्या डबीत ठेवायच्या, डबी पर्समध्ये टाकायच्या आणि मग आत यायच्या. मनगटावर मण्यांचे वळ तेवढे दिसत राहायचे. मी ते दोन-तीन महिने पाहिलं आणि मला वाटलं, नियम नीट पाळला जातोय. मग त्यांचं येणं थांबलं. बऱ्याच काळाने भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, घरी मी लिपस्टिक लपवायचे, तुमच्याकडे माळ लपवायला लागले. लपवणं काही सुटलं नाही."

हे वाक्य मी विसरलेले नाही. ज्याला श्रद्धाच नाही, त्याला 'धर्म नको' या नियमाने काहीच गमवावं लागत नाही. ज्याच्या दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने होतो, त्याला मात्र अर्धं आयुष्य बाहेर ठेवून आत यावं लागतं. आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. या नियमाने जखमी माणसाचंही तोंड बंद होतं. तुमच्या त्या गे सदस्याची सगळी कहाणी धर्मातच घडलेली आहे. कोणी हात धरला, कोणते शब्द म्हटले, किती दिवस जागं ठेवलं, हे तो धर्माचं नाव न घेता सांगणार कसं? विषय बंद केला की त्याच्या रागाला टोमण्याशिवाय दुसरी वाटच उरत नाही.

सर्वधर्म प्रार्थनेचं म्हणाल, तर तिच्यामागचा हेतू चांगला आहे, पण त्या माणसाचा विचार करा. ज्याच्यावर प्रार्थना म्हणत म्हणत जबरदस्ती झाली, त्याचं शरीर ते लक्षात ठेवतं. उदबत्तीच्या वासाने घसा आवळला जाणारे, सामूहिक स्वरात काही म्हटलं जाऊ लागलं की तळवे घामाने ओले होणारे लोक मी पाहिलेत. ते हट्टी नसतात, चेष्टाही करत नसतात. त्यांना तिथून उठून जावंसं वाटतं आणि उठलं तर लोक काय म्हणतील या भीतीने ते बसून राहतात. शिवाय 'सर्वधर्म' म्हणताना दोन-चार धर्मांची नावं येतात, बाकीचे राहून जातात आणि नास्तिकाच्या वाट्याला काहीच येत नाही. सुरुवातीला मन एकवटायचं असेल तर एक मिनिट शांत बसा. त्या मिनिटात कोणी नामस्मरण करेल, कोणी श्वास मोजेल, कोणी खिडकीबाहेर बघेल. विचारायचं नाही.

श्रद्धाळू लोक आपल्या समुदायात बाहेरून आलेले पाहुणे नाहीत, हेही ग्रुपला सांगा. तरुण सदस्यांना वाटतं की चळवळ धर्माच्या विरोधात उभी राहिली आणि नंतर काही भाविक मागून येऊन मिळाले. इतिहास तसा नाही. ट्रॉय पेरी या अमेरिकेतल्या पेंटेकोस्टल ख्रिस्ती पंथाच्या धर्मोपदेशकाला समलिंगी असल्यामुळे पद सोडावं लागलं. त्याने ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळ हंटिंग्टन पार्कमधल्या आपल्या घरी प्रार्थनासभा भरवली. बारा माणसं आली. त्यातून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं. ज्याला या चळवळीची सुरुवात समजलं जातं तो स्टोनवॉलचा उठाव, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल या गे बारवरच्या पोलिसी छाप्याविरुद्धचा उठाव, त्यानंतरचा, जून १९६९ मधला. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच बेथ चायिम चादाशिम हे समलिंगी ज्यूंनी स्थापलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सुरू झालं. आपल्याकडे २०१५ मध्ये किन्नर आखाडा हा तृतीयपंथीयांचा हिंदू आखाडा स्थापन झाला.

या लोकांनी किंमतही मोजलेली आहे. २४ जून १९७३ रोजी न्यू ऑर्लिन्समधल्या अपस्टेअर्स लाउंज या गे बारला आग लावण्यात आली आणि ३२ माणसं गेली. त्यांत मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चच्या स्थानिक शाखेचे बरेच सदस्य होते, त्यांचा पाद्रीही होता. रविवारची उपासना आटोपून ते तिथे जमले होते. त्यानंतर शहरातल्या अनेक चर्चनी श्रद्धांजली सभेसाठी दार उघडायला नकार दिला. एका धर्मगुरूने छोटीशी प्रार्थनासभा घेतली, तर त्याला द्वेषाने भरलेली पत्रं आली. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतले इमाम मुहसिन हेन्ड्रिक्स यांची गोळ्या घालून हत्या झाली. स्वतः समलिंगी असल्याचं उघडपणे सांगणारे आणि क्विअर (म्हणजे एलजीबीटी) मुसलमानांसाठी मशीद चालवणारे ते धर्मगुरू होते. श्रद्धा धरून ठेवणं ही पळवाट आहे असं कोणी म्हणालं, की मला ही माणसं आठवतात.

आणि राग? तो काढायचा नाही का? काढायचा. संस्थेवरचा राग हा या चळवळीचा तितकाच जुना आणि तितकाच खरा भाग आहे. १० डिसेंबर १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलसमोर ॲक्ट अप या एड्सविषयी लढणाऱ्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मोठं आंदोलन केलं. एड्सने माणसं मरत होती आणि चर्चचे वरिष्ठ कंडोमच्या प्रचाराला विरोध करत होते. १११ जणांना अटक झाली. पण आत उपासना चालू असताना एका आंदोलकाने प्रसादाची पवित्र भाकरी कुस्करून जमिनीवर टाकली आणि त्यावरून खुद्द आंदोलकांमध्येच तीव्र मतभेद झाले. त्यांच्यात कॅथलिक घरांत वाढलेले बरेच जण होते. तिथल्या कार्डिनलच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूच्या, धोरणाविरुद्ध अटक करून घ्यायला तयार असलेल्यांनाही ती भाकरी कुस्करणं पटलं नाही. दुसऱ्यांना वाटलं, माणसं मरत असताना भाकरीचं काय घेऊन बसलात. मी या दोन्ही बाजूंच्या लोकांबरोबर बसलेली आहे, वेगळ्या काळात, वेगळ्या नावांनी. दोघांचंही म्हणणं मला समजतं. तरी बैठकीपुरती माझी रेघ स्पष्ट आहे : संस्थेवर, धर्मगुरूवर, ग्रंथातल्या अर्थ लावण्यावर, देवावरसुद्धा हवा तेवढा राग काढा. समोर बसलेल्या माणसाच्या श्रद्धेची टिंगल करायची नाही.

'मला त्या जागेची किळस येते' हे वाक्य चालतं. 'तू तिथे जातोस म्हणजे तुला स्वाभिमान नाही' हे चालत नाही. पहिल्यात बोलणारा स्वतःबद्दल सांगतो, दुसऱ्यात तो समोरच्याचा निवाडा करतो. आपल्यातल्या बहुतेकांचा निवाडा आयुष्यभर इतरांनी केलेला आहे, त्यामुळे हा फरक समजावायला मला कधी फार वेळ लागत नाही. 'समलिंगी असणं सोड, मग देव तुझा' असं घरचे म्हणतात. 'देव सोड, मग तू आमचा' असं आपण म्हणायला लागलो, तर त्या माणसाला दोन्हीकडून एकच हुकूम मिळतो.

मात्र इथे श्रद्धाळूंनाही काही सांगावं लागतं, आणि मी ते जरा ठामपणे सांगते. कोणी आपली जखम सांगत असताना 'पण खरा धर्म असा नाही' हे वाक्य गिळून टाका. ते खरं असेलही. पण ज्याला नऊ महिने खोलीत बसवून पाप धुतलं जात होतं, त्याच्यासमोर ते वाक्य म्हणजे त्याच्या अनुभवावर टाकलेला बोळा असतो. त्याच्या बाबतीत घडलेला धर्म तोच होता. तुम्हाला धर्माची बाजू मांडायची असेल तर पुढच्या बैठकीत स्वतःची गोष्ट म्हणून मांडा, त्याच्या गोष्टीचं उत्तर म्हणून नको. तसंच 'तू अजून देवावर रागावला आहेस, एक दिवस परत येशील' हेही नको. नास्तिक माणूस अर्ध्या वाटेवर थांबलेला भाविक नसतो. अनेकांनी वर्षानुवर्षं विचार करून, खूप काही गमावून तो निर्णय घेतलेला असतो. त्या निर्णयालाही श्रद्धेइतकाच मान हवा. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातलं १८ वं कलम विचार, विवेक आणि धर्म या तिन्हींचं स्वातंत्र्य एकत्र देतं आणि धर्म बदलण्याचा हक्कही त्यातच आहे.

एक जागा अशी आहे जिथे मी मतभेद म्हणून सोडून देत नाही. एखादा सदस्य 'माझ्या धर्मात हे पाप आहे, मी ब्रह्मचारी राहणार' असं स्वतःपुरतं म्हणाला, तर मी ऐकते. तो त्याचा झगडा आहे आणि घाई करून तो सोडवता येत नाही. पण तोच सदस्य दुसऱ्याला 'तूही पापी आहेस, मी तुला बाहेर काढणारा माणूस सांगतो' म्हणू लागला, तर त्या क्षणी थांबवते. प्रत्येकाच्या समान किमतीवर आमच्याकडे चर्चा होत नाही. लैंगिकता बदलण्याचे म्हणून जे 'उपचार' विकले जातात, त्यांना आधार नाही हे आता वैद्यकशास्त्राने वारंवार सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 'प्रार्थनेने बदल होतो' असं सांगणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही सर्वांत मोठ्या संघटनांपैकी एक संघटना जून २०१३ मध्ये बंद झाली. तिचे प्रमुख ॲलन चेंबर्स स्वतः श्रद्धाळू, आणि त्यांनीच झालेल्या इजेबद्दल जाहीर माफी मागितली. असा सल्ला ग्रुपमध्ये कोणी देत असेल तर त्याच्याशी बैठकीनंतर एकांतात बोला, आणि ज्याला सल्ला दिला गेला त्याच्याशी त्याच दिवशी बोला. त्याने आत्महत्येचे विचार बोलून दाखवले असतील तर उद्यावर ढकलू नका, त्याला मानसोपचारतज्ज्ञापर्यंत स्वतः घेऊन जा.

आता एक अवघड गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही पण तुमच्या ग्रुपमध्ये असणारच. आपल्यात वेगवेगळ्या धर्मांचे लोक असतात आणि बाहेरचं वैर त्यांच्याबरोबर आत येतं. मी असं पाहिलंय की बहुसंख्याकांच्या धर्माबद्दल बोलताना लोक 'माझ्या घरचे असे' म्हणतात आणि अल्पसंख्याकांच्या धर्माबद्दल बोलताना 'ते लोक असेच' म्हणतात. त्या धर्मातला क्विअर सदस्य तिथे बसलेला असतो. त्याला बाहेर धर्मामुळे घर मिळत नाही, घरात लैंगिकतेमुळे जागा नाही, आणि तुमच्या खोलीत आल्यावर पुन्हा धर्मामुळे नजर झुकवावी लागते. म्हणून आमच्याकडे साधा नियम आहे : धर्मावर टीका करायची तर ज्या धर्मात तुम्ही वाढलात त्यावर करा. हा नियम वर्तमानपत्रातल्या चर्चेसाठी कदाचित अपुरा पडेल, पण बंद खोलीतल्या पंधरा माणसांसाठी तो चांगला चालतो. त्या सदस्याला त्याच्या धर्माचा प्रवक्ताही बनवू नका. 'तुमच्यात याबद्दल काय म्हणतात रे?' हा प्रश्न विचारणाऱ्याला कुतूहल वाटतो, ऐकणाऱ्याला उलटतपासणी वाटते.

बैठकीची वेळ ठरवताना उपवास, साप्ताहिक उपासना, मोठे सण यांची एकदा सगळ्यांकडून चौकशी करून घ्या. कागदावर नाव न घालता लिहून घेतलं तर लाजणारेही सांगतात. कोणाला लवकर निघायचं असेल तर कारण विचारू नका. दुसऱ्याला डॉक्टरकडे जायचं असतं तेव्हा आपण कारण विचारत नाही, तसंच हे. एखाद्या धर्मगुरूला बोलवायचं ठरलं तर महिनाभर आधी कळवा आणि न येण्याची मोकळीक द्या. गटात कोणी वारलं तर अंत्यविधी कोणत्या पद्धतीने व्हावेत हे त्या माणसाने जिवंतपणी काय सांगितलं होतं त्यावर ठरवा. आपल्या सोयीने त्याला धार्मिक किंवा अधार्मिक करू नका. हे मी स्मशानाच्या दारात झालेली भांडणं पाहून सांगते आहे.

सगळ्यांचं एकमत व्हावं अशी अपेक्षा ठेवू नका. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा दिली, पण तो विवाहविधी नाही अशी अटही घातली. त्यावर आमच्याकडे दोन बायकांनी एकाच बैठकीत आपलं मन सांगितलं. एकीला रडू आवरेना. ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी माझ्यासाठी कोणीतरी हात वर केला." दुसरी म्हणाली, "हा तुकडा मी उचलणार नाही." पहिलीने ऐकलं, दुसरीनेही ऐकलं, कोणी कोणाला बदलायला गेलं नाही. निघताना दोघी एकाच रिक्षाने गेल्या. मला इतकं पुरतं.

आता तुमचे ते दोन सदस्य. आधी टोमणा मारणाऱ्याशी बोला, एकट्याशी, आणि सुरुवात त्याच्या चुकीपासून करू नका. 'त्या दिवशी प्रार्थना हा शब्द ऐकल्यावर तुला काय झालं?' असं विचारा आणि थांबा. बहुतेक वेळा त्या दिवसाच्या मागे पंधरा वर्षांपूर्वीचा दिवस निघतो. ते ऐकून झाल्यावर मग सांगा की जखम तुझी आहे, पण ती त्याने केलेली नाही. माफी मागायला लावू नका, लावलेली माफी समोरच्याला कळते. जे हसले त्यांच्याशीही पुढच्या बैठकीत बोला. माझ्या अनुभवात टोमण्यापेक्षा हसू जास्त लागतं, कारण टोमणा एकाचा असतो आणि हसू खोलीचं असतं. आणि तुम्ही स्वतः त्या वेळी गप्प राहिलात, हे तुमच्या प्रश्नात तुम्ही एका ओळीत उरकलंय. तीच ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. त्या माणसाने दाराकडे जाताना बहुधा तुमच्याकडे पाहिलं असणार.

म्हणून त्याला निरोप पाठवाल तेव्हा ग्रुपच्या वतीने पाठवू नका, स्वतःच्या नावाने पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. 'सगळे तुझी आठवण काढतात' असं लिहू नका, हसणारेही त्या सगळ्यांत येतात. साधं लिहा : 'त्या दिवशी तुझ्याबद्दल जे बोललं गेलं ते चुकीचं होतं आणि मी ते थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, त्याबद्दल मला वाईट वाटतंय. पुढच्या बैठकीत मी हे सगळ्यांसमोर बोलणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. तुला लवकर निघायचं असेल तर निघ.' पाठवल्यावर उत्तराची वाट पाहू नका, पुन्हा आठवणही करू नका. पण बैठकीत जे बोलणार म्हणालात ते त्याच बैठकीत बोला, तो नसला तरी. कोणीतरी त्याला कळवतंच.

त्या जपमाळवाल्या बाईंना मी असंच पत्र लिहिलं होतं. सात महिने उत्तर आलं नाही. आठव्या महिन्यात त्या बैठकीला आल्या, दाराशी थांबल्या नाहीत, सरळ आत येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. माळ हाताला होती.